मिथुनची डबल टाकी

...आणि मी म्हणतो, एक टाकी काय वाईट होती? नाही, तुम्हीच सांगा! पाठीला नीट बसायची, उचलून गाडीत टाकली की टाकली, पाण्यात उडी मारली की बिचारी गपगुमान हवा द्यायची, ना कुरकुर ना काही, आपण खाली जाऊन मासे बघायचे, वर यायचं, होडीत बसून चहा प्यायचा, विषय संपला! पण नाही. आमच्या मिथुनला दोन पाहिजेत. दोन! एका पाठीवर दोन! अहो, पाठ काय दुमजली आहे का?

थांबा, तुमच्या चेहऱ्यांवरून कळतंय, तुम्हाला वाटतंय मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलतोय. सगळ्यांना तेच वाटतं. ही टाकी हवेची. स्कूबा, स्कूबा! पाठीला हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काच, पायात बदकाचे पाय, आणि समुद्राच्या तळाशी जाऊन यायचं. का? ते मला विचारू नका. मिथुनच्या आईने विचारलं होतं. शकुमावशी, मूळच्या मालवणकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत आहेत पण बोलणं अजून गावचंच. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात माणसा पाण्यातसून वर येवक धडपडतत, आणि ह्यो मेलो हौसेन खाली जाता!"

तर मिथुन धुरी. चारकोपला राहतो, सेक्टर पाचात, वय बेचाळीस, काम लिफ्ट तपासायचं. आता लिफ्ट तपासणारा माणूस कसा असतो, तुम्हाला सांगतो. तो लिफ्टमध्ये शिरला की आधी वर बघतो, मग खाली बघतो, मग तुमच्याकडे बघतो... तुमचं वजन किती असेल म्हणून! घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, खाली उतरणार, परत वर जाऊन कुलूप ओढणार. खिशात दोन पेनं. घराच्या चाव्यांचे तीन जुडगे. असा माणूस स्कूबात गेलाच कसा? बायकोमुळे! रुचिरा दातांची डॉक्टर, कांदिवलीला दवाखाना, भीती म्हणजे काय ते तिला फक्त पेशंटच्या तोंडात दिसतं. ती म्हणाली, "शिकूया ना रे." हा म्हणाला, "शिकूया." आणि चार वर्षं बरं चाललं होतं हो! दोघं जोडीने खाली जायची, जोडीने वर यायची. पाण्याखाली भांडणसुद्धा नाही, तोंडात नळी ना!

मग गेल्या डिसेंबरात ते झालं.

मालवणच्या पुढे समुद्रात, अठरा मीटर खाली. म्हणजे सहा मजली बिल्डिंग समजा, आणि गच्चीवर समुद्राचं पाणी. दोघं एका खडकापाशी मासे बघतायत, सगळं झकास, आणि एकदम मिथुनच्या तोंडातली नळी बिघडली. बंद नाही पडली, उलट! हवा सुटलीच सुटली! रस्त्यात पाइप फुटल्यावर पाणी उडतं ना, तशी! गालात हवा, नाकात पाणी, समोर नुसते बुडबुडे, आणि बुडबुड्यांतून काटा दिसतोय, टाकी रिकामी होत चाललीय असं दाखवणारा काटा... आता शिकवलेलं काय असतं? शांत राहायचं, जोडीदाराला खूण करायची, त्याच्याकडे जादाची नळी असते, ती मागून घ्यायची. मिथुनला हे तोंडपाठ. परीक्षेत पैकीच्या पैकी! आणि मिथुनने काय केलं? पुढे झेपावला आणि रुचिराच्या तोंडातली नळी सरळ ओढून आपल्या तोंडात घातली.

हो. बायकोच्या तोंडातली.

ती डगमगली नाही. तिने आपली जादाची नळी शोधली, तोंडात घातली, याचा दंड धरला, आणि सावकाश, अगदी शिकवल्याप्रमाणे, त्याला वर आणलं. होडीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय झालं, काय झालं?" आणि मिथुन, दातावर दात आपटतायत, ओठ निळे, म्हणाला, "माझी हवा गेली. रुचिराने तिची दिली."

दिली!

रुचिराने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग टॉवेल घेतला आणि केस पुसायला लागली.

बस. एवढंच. घरी आल्यावर एक शब्द नाही. पण पुढच्या ट्रिपला पाण्यात उतरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मी त्या पुण्याच्या काकूंबरोबर जाते हं, त्या नवीन आहेत." बरं, गेली. त्याच्या पुढच्या ट्रिपला, "मी जरा त्या मुलीबरोबर जाते, ती घाबरते." अरे! आणि हा कोण बसलाय इथे, हा नाही का घाबरत? पण मिथुन काय बोलणार? कुठल्या तोंडाने? तोंडाचाच तर सगळा प्रश्न होता!

त्याचं जेवण कमी झालं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की छाती धडधडायची. ओढल्याचं सोडून हा हे सगळं मला ऑफिसात सांगायचा, हातात डबा, भाजी गार, आणि विषय एकच. आणि मग एक दिवस त्याने डबा बंद केला आणि मला म्हणाला, "अरे, लिफ्ट किती दोरांवर असते?" मी म्हटलं, "चार-सहा." "एक तुटला तर?" "बाकीचे आहेत." "मग मी एका टाकीवर का लटकतोय?" त्याने कुठेतरी वाचलं होतं की पट्टीचे लोक डबल टाकी लावतात. दोन टाक्या, दोन नळ्या, सगळं दोन दोन, एक बिघडलं तर दुसरं. म्हणजे आपल्याला कोणाच्या तोंडातलं ओढायची वेळच नाही! मग तर रुचिरा येईल ना आपल्याबरोबर?

बघा हं, लोक डबल टाकी घेतात ते खोल जायला, बुडालेली जहाजं बघायला, नाव काढायला. आमचा मिथुन डबल टाकी घेणार... भीती वाटते म्हणून!

घरी सांगितलं. रुचिरा म्हणाली, "बरं." आता ज्यांची लग्नं झालीत त्यांना हे "बरं" समजावून सांगायला नको. आईला फोनवर सांगितलं. "दोन टाक्ये? कित्याक? चारकोपात पाणी येणा नाय काय रे?" आणि तो बाल्कनीत उभा राहून "हो गं आई, डबल टाकी, हो, मोठीच आहे" असं ओरडत असताना खालून सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव जात होते. पाणीखात्यातून रिटायर झालेला माणूस! संध्याकाळी मोजपट्टी घेऊन दारात हजर. "धुरी, जादा टाकी बसवताय म्हणे. गच्चीवर की बाल्कनीत?" मिथुन म्हणाला, "नाही हो, पाठीवर." "पाठीवर? म्हणजे मागच्या बाजूला? तिथे ड्रेनेजची लाइन आहे, परवानगी मिळणार नाही!"

एक टाकी काय वाईट होती, सांगा!

तर शिकवायला मिळाल्या संघमित्राबाई. संघमित्रा वानखडे. मूळच्या अकोल्याच्या, आता घाटकोपरला राहतात, वय असेल चौतीस, उंची जेमतेम पाच फूट, आणि बंदरात जहाजांच्या बुडाखाली जाऊन काम केलेली बाई. दर रविवारी सकाळी मुलुंडच्या एका स्विमिंग पूलवर शिकवायच्या. सगळ्यांना "सर, सर" म्हणून सोलून काढायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन टाक्या समोर ठेवल्या. पोलादी पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या, वर दोघींना जोडणारी आडवी नळी. म्हणाल्या, "उचला सर." मिथुन वाकला... आणि वाकलेलाच राहिला. चाळीस किलो! चाळीस! "काऊन, काय झालं सर?" "काही नाही, बघतोय." "बघून उचलत नाही ती."

मग म्हणाल्या, "काऊन पाहिजे तुम्हाला डबल?" मिथुन म्हणाला, "सेफ्टी. दुप्पट सेफ्टी." त्या हसल्या. "सर, दोन टाक्या म्हणजे दुप्पट सेफ्टी नसते. दोन टाक्या म्हणजे बिघडायच्या जागा दुप्पट. मागे तीन नॉब आहेत, उजवा, डावा, मधला. एका बाजूने हवा गळायला लागली की ती बाजू ओळखायची, हात मागे न्यायचा, तो नॉब बंद करायचा, दुसऱ्या बाजूच्या नळीवर यायचं. नाही केलं तर दोन्ही टाक्या मिळून रिकाम्या. डबल टाकी, डबल रिकामी."

हे मिथुनला कोणी सांगितलं नव्हतं! आणि नॉब कुठे, माहीत आहे? मानेच्या मागे! जिथे माणसाला डास चावला तरी बायकोला हाक मारावी लागते तिथे! दिसत नाही, वाकून बघता येत नाही, नुसता हात न्यायचा आणि चाचपायचं. मिथुनने हात नेला. कानापर्यंत गेला. अजून नेला. खांद्यातून कट्ट आवाज आला आणि हात तिथेच थांबला, वर्गात उत्तर येत नसताना उगाच वर केलेल्या हातासारखा.

"प्रॅक्टिस करा," संघमित्राबाई म्हणाल्या, आणि टाक्या घरी वापरायला दिल्या, अंगवळणी पडाव्यात म्हणून.

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून या माणसाचा हात मागेच! ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलाय, हात मानेमागे. मेट्रोत उभा आहे, हात मानेमागे, मागच्या माणसाच्या चष्म्याला कोपर. "भाईसाब, खुजली है तो पावडर लगाओ ना!" हॉलमध्ये दोन्ही टाक्या पाठीला बांधून टीव्हीसमोर उभा, कशाला तर सवय व्हायला, आणि सोफ्यावर बसला तर उठता येईना, रुचिरा दवाखान्यातून येईपर्यंत पाऊण तास तसाच. ती आली, तिने बघितलं, हात धरून उभं केलं, आणि स्वयंपाकघरात गेली. हसलीसुद्धा नाही हो! हसली असती तर चाललं असतं. त्याला त्याचीच भीती जास्त वाटली.

एका रविवारी मुलुंडला जाताना पवईपाशी नाकाबंदी. हवालदाराने डिकी उघडायला लावली. आत चादरीत गुंडाळलेले दोन सिलिंडर! "काय आहे यात?" "हवा." "कसली हवा?" "साधी हवा, साहेब. श्वास घ्यायची." हवालदाराने सिलिंडरकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या डंपरांकडे बघितलं, मग त्या धुळीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चांगला धंदा काढलाय रे. घरपोच देता का?"

आणि पाण्यातलं काय सांगू? पूल साडेतीन मीटर खोल. मिथुन दोन टाक्यांसकट उतरला, आणि खाली पोचताच टाक्यांनी ठरवलं की आपण खाली आणि हा वर. उलटा! पाठ तळाला, पोट वर, हातपाय हवेत, म्हणजे पाण्यात, झुरळासारखा! आणि तिथून त्याला काय दिसतंय? वर, उथळ बाजूला, एरोबिक्सला आलेल्या बायकांचे पाय. ते पाय मजेत नाचतायत आणि हा खाली झुरळ झालाय. संघमित्राबाईंनी बोटाने टिचकी मारावी तसा त्याला पलटी केला. परत उलटा. परत पलटी. एक टाकी काय वाईट होती, हे त्याला तळाशी पडल्या पडल्या वाटलं, मला नंतर त्यानेच सांगितलं.

पण खरी वाट लागली ती नॉबला. दोन महिन्यांनी कसाबसा, ओढून ताणून, दोन बोटं उजव्या नॉबला टेकली. फिरवला. बंद केला. आता होतं काय, बंद केल्यावर नळीत उरलेली हवा येते. एक श्वास येतो. दुसरा जरा जड येतो. आणि तिसरा... तिसरा येतच नाही! रिकाम्या शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढल्यासारखं! अशा वेळी दुसरी नळी गळ्यातच रबराने अडकवलेली असते, हनुवटीखाली, चार बोटांवर. तोंडात घालायची, संपलं. पण मिथुनच्या डोळ्यांसमोर साडेतीन मीटर नाहीच, अठरा मीटर! तेच बुडबुडे, तोच काटा! आणि तो सुटला सरळ वर, चाळीस किलो घेऊन, पाय मारत, पाण्याबाहेर तोंड काढून हां हां हां करत कठड्याला लोंबकळला.

एकदा नाही. तीन रविवार. तिन्ही वेळा तिसऱ्या श्वासाला वर.

तिसऱ्या रविवारी संघमित्राबाई कठड्यावर येऊन बसल्या. "सर, पुढच्या वेळी जोडीदार आणा. हवा देण्याघेण्याची प्रॅक्टिस जोडीदाराबरोबर करायची असते. तुमची मिसेस डायव्हर आहे ना?"

मिथुनचं तोंड उतरलं. म्हणाला, "ती... तिला रविवारी पेशंट असतात."

"सकाळी सातला कोणाची दाढ दुखते? आणा."

आता घरी विचारायचं कसं? चार दिवस घोळवलं. भांडी घासून ठेवली, न सांगता. तिची गाडी पुसली. शेवटी शनिवारी कपडे वाळत घालता घालता, तोंड दोरीकडे करून म्हणाला, "उद्या त्या बाई म्हणत होत्या... म्हणजे तसं काही नाही... जोडीदार लागतो म्हणे." दोरीच्या पलीकडून एक टॉवेल झटकल्याचा आवाज. दुसरा टॉवेल. मग रुचिरा म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

रविवारी पूलच्या काठावर दोघं उभी. हा दोन टाक्या घेऊन, ती तिच्या एका टाकीत. संघमित्राबाईंनी मिथुनला विचारलं, "सर, तोंडातली नळी आहे ती लांब, दोन मीटर. गळ्यातली आखूड. समजा, रुचिराची हवा संपली. कुठली द्याल?"

"गळ्यातली," मिथुन म्हणाला. "जादाची."

"चूक. तोंडातली."

"अहो, पण ती तर मी घेतोय ना श्वास!"

"म्हणूनच! सर, ज्याची हवा गेली तो माणूस तुमच्या गळ्यात काय अडकवलंय ते शोधत बसतो का? त्याला जी चालू दिसते तीच तो ओढतो. तोंडातली. सगळेच ओढतात."

मिथुन म्हणाला, "सगळेच?"

"सगळेच. पहिल्या वर्षी मी आमच्या सरांच्या तोंडातली ओढली होती, बंदरात, चिखलासारख्या पाण्यात. म्हणून या पद्धतीत असं धरूनच चालायचं, की तोंडातली नळी दुसऱ्याची. आपली ती गळ्यातली."

"सगळेच ओढतात?"

"किती वेळा सांगू सर? उतरा आता."

रुचिरा खाली मान घालून मास्कचा पट्टा नीट करत होती. तो नीटच होता.

खाली गेले. ठरलं होतं की रुचिराने हवा संपल्याचं नाटक करायचं. ती आली, गळ्यावर आडवा हात फिरवून खूण केली आणि हात पुढे केला, अगदी सभ्यपणे. मिथुनने नळी दिली. संघमित्राबाईंनी दोघांना वर आणलं आणि रुचिरावर घसरल्या. "रुचिरा, तू हवा मागतेस की साखर? शेजारणीकडे वाटी घेऊन गेल्यासारखी! असं कोणी मागत नाही. ओढ!"

"नको," रुचिरा म्हणाली. "कशाला उगाच."

"अगं, तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. उद्या कोणी ओढली तर याला सवय नको? ओढ!"

परत खाली. मिथुन तळाशी, या खेपेला कसाबसा पालथा, डोळे रुचिराकडे. ती दोन हातांवर. मास्कमधून डोळे दिसतायत. थांबली. आणि मग ती अशी आली, अशी आली म्हणता! डॉक्टरकीचं सगळं कौशल्य पणाला! अक्कलदाढ उपटावी तशी नळी उपटली! मिथुनचे दात रिकाम्या पाण्यावर आपटले. नाकात पाणी. हात गळ्याकडे गेला... तिथे नळी नाही! पट्टा आहे, रबर आहे, नळी नाही! आता वर? पाय हलले. पण वर जाणार कसा? तोंडातली लांब नळी तिच्या तोंडात, आणि ती समोर, दोन्ही हातांनी ती धरून, त्याच्याकडे बघत. हा वर गेला तर तिच्या तोंडातली परत ओढली जाणार.

तो राहिला खाली. बोटांनी रबर पकडलं, रबराच्या मागून नळी पुढे आली, तोंडात घातली, फुंकली, ओढला श्वास.

आली! हवा आली!

एक. दोन. तीन. तिसराही आला!

संघमित्राबाईंनी खूण केली, झालं, सोडा. रुचिरा नळी सोडेना. दोघं समोरासमोर, मधे ती लांब नळी, दोघांचे बुडबुडे वर चाललेत... मग सोडली तिने.

वर आल्यावर मिथुनने मास्क कपाळावर केला. तिथे लाइफगार्ड उभा, शेजारच्या लेनमध्ये टोप्या घातलेले दोन काका, संघमित्राबाई. आणि हा म्हणाला, मोठ्याने म्हणाला, "मालवणला मी ओढली होती. तू दिली नव्हतीस. मी ओढली."

रुचिरा म्हणाली, "मला माहीत आहे. तोंड माझंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? दहा महिने वाट बघतेय हा कधी बोलेल म्हणून! आईंना सांगितलंस, 'दिली'. ऑफिसात, 'दिली'. माझ्या बहिणीला, माझ्यासमोर, 'दिली'! मला ओढल्याचा राग नव्हता रे. माणूस घाबरतो. पण मला वाटायला लागलं, याला कळलंच नाहीये का आपण काय केलं? आणि ज्याला ते कळलं नाही, त्याच्याबरोबर मी अठरा मीटर खाली कशी जाऊ?"

"कळलं होतं," मिथुन म्हणाला. "त्याच क्षणी. तुझे डोळे दिसले होते." रुचिराने पाण्यातच त्याच्या मानेला हात लावला, जिथे पट्ट्याने वळ उठला होता तिथे. शेजारच्या लेनमधले काका पोहायचे थांबले होते.

संघमित्राबाईंनी घड्याळ बघितलं. "झालं का तुमचं? नऊला एरोबिक्स आहे. नॉब राहिलाय." आणि त्या मिथुनच्या मागे गेल्या आणि त्यांनी टाक्यांचे खांद्यावरचे पट्टे खेचून बघितले. "सर! हे काय? एवढे आवळून बांधतात का? हात मागे जाईल कसा? कोणी बांधले?" मिथुनने! दर रविवारी! टाक्या सुटू नयेत म्हणून, प्रत्येक वेळी अजून थोडे, अजून थोडे! तीन महिने खांद्याला शेक, तेल, व्यायाम, मेट्रोत शिव्या, आणि रोग काय, तर भीतीने आवळलेला पट्टा! चार बोटं ढिले केले. हात गेला मागे. नॉब हातात. बंद, दुसरी नळी, उघड. मधला. डावा. तिसऱ्या श्वासाला मिथुन खालीच!

मग नोव्हेंबरात परत मालवण. होडीत मिथुनने सगळं सात वेळा तपासलं, आणि होडीतले लोक कुजबुजले, "डबल टाकीवाला! मोठा डायव्हर दिसतोय." हा आठव्यांदा तपासायला वाकलाय तो भीतीने, हे त्यांना कोण सांगणार! यादी वाचली, जोड्या लावल्या. पुण्याच्या काकू आल्याच होत्या. त्यांनी रुचिराकडे बघितलं. रुचिरा म्हणाली, "नाही काकू, आज मी याच्याबरोबर."

उतरले. आणि तुम्हाला सांगतो, खाली काही झालं नाही! काहीच नाही! नळी फुटली नाही, पट्टा सुटला नाही, झुरळ झालं नाही. पहिली दहा मिनिटं तो नुसता श्वास मोजत होता. मग मोजायचा राहिला. खडकाच्या कपारीत सापासारखी लांब एक वाम तोंड उघडून बसली होती, रुचिरा तिच्या दाताकडे धंद्याच्या नजरेने बघत होती, आणि मिथुन रुचिराकडे. छातीतली धडधड गेली होती. त्याला वाटलं, आता इथेच राहावं. दोन टाक्या हवा आहे, घाई कसली?

तेवढ्यात रुचिराने खांद्यावर टिचकी मारली आणि आपला काटा दाखवला. तिची संपत आली होती. अंगठा वर. म्हणजे वर चला.

याने आपला काटा दाखवला. निम्म्याहून जास्त! दोन्ही टाक्यांत! तिने मान हलवली आणि परत अंगठा वर.

होडीवर येऊन घड्याळ बघितलं. अडतीस मिनिटं. एका टाकीवर असायचे तेवढीच! रात्री मिथुनने संघमित्राबाईंना फोन लावला. "बाई, माझी तर निम्म्याहून जास्त शिल्लक राहिली!"

"राहणारच ना सर. ज्याची आधी संपते त्याच्याबरोबर दोघांनी वर यायचं. जोडीदाराला सोडून थांबता का कुठे?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सेफ्टी म्हणाला होतात सर. जास्त वेळ पाहिजे, असं कुठे म्हणालात?"

सोमवारी ऑफिसात मला हे सगळं सांगून मिथुनने डबा उघडला. सगळा जेवला, भाजीसकट. मी म्हटलं, "मग रे? चाळीस किलो, तीन महिने, हात मानेमागे... डबल टाकी घेऊन माणूस पाण्याखाली राहतो तरी किती वेळ?"

डब्याचं झाकण लावत मिथुन म्हणाला, "बायकोची एक टाकी संपेपर्यंत."